‘फॉन’, ‘देशमुख’ आणि ‘सख्या वल्द धोंड्या’

जर्मनीतल्या सरदार-जमीनदारांच्या आडनावांशी वाशीम जिल्ह्यातल्या बौद्ध माणसाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. तो दूरचा वाटतो, पण तहसीलच्या अभिलेख कक्षातून आजोबाच्या नावाची नक्कल काढायची वेळ आली की एकदम जवळ येतो.

जर्मन आडनावात पुष्कळदा ‘फॉन’ हा शब्द दिसतो. त्याचा अर्थ अगदी साधा आहे: ‘-हून’ किंवा ‘-चा’. अमुक गावचा, अमुक गढीचा. दुसरा शब्द ‘त्सु’, म्हणजे ‘येथे’. ‘फॉन’ सांगतो की घराणे मूळचे कुठले. ‘त्सु’ सांगतो की त्या जागेवरचा कब्जा अजून सुटलेला नाही. आणि काही घराणी ‘फॉन उंड त्सु’ असे दोन्ही लावतात, म्हणजे मूळही तिथलेच आणि वहिवाटही त्यांचीच. सातबारा वाचणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. तिकडच्या बड्या घराण्यांनी आपला सातबारा आडनावातच लिहून ठेवला होता, एवढेच.

पुढे राजेलोक जमीन न देता नुसता ‘फॉन’ देऊ लागले. अधिकारी, सेनापती, पैसेवाले व्यापारी यांना सनद मिळे आणि नावात तीन अक्षरे वाढत. जगप्रसिद्ध कवी गटे जन्माने साध्या नागरिकाच्या घरचे. १७८२ साली बादशहाने सनद दिली आणि ते ‘फॉन गटे’ झाले. त्यांची कविता आदल्या दिवशी होती तशीच दुसऱ्या दिवशी राहिली.

आता मराठीकडे पाहा. ‘-हून आलेला, तिथला’ हा अर्थ दाखवायला आपल्याकडे ‘कर’ आहे. आंबडवे गावावरून आंबडवेकर, त्यावरून आंबेडकर. व्याकरणाने पाहिले तर ‘फॉन’ आणि ‘कर’ ही सख्खी भावंडे. पण ‘कर’ कोणाच्या बापाचा झाला नाही. तो ब्राह्मणाला लागतो, मराठ्याला लागतो, महाराला लागतो, कोळ्याला लागतो. गावचे नाव सांगितल्याने इथे कोणी मोठा होत नाही, कारण गावात राहणारा प्रत्येक जण गावचाच. फक्त काहींचे घर वेशीच्या आत आणि काहींचे बाहेर. मोठेपणा चिकटला तो हुद्द्याला. देशमुख, देशपांडे, पाटील, इनामदार, जहागीरदार ही आपल्याकडची ‘फॉन’ आहेत.

हा फरक कोर्टालाही करावा लागतो, याचे एक गमतीदार उदाहरण आहे. जगप्रसिद्ध संगीतकार बेथोवन यांच्या नावात ‘व्हान’ होते. ते मूळचे फ्लँडर्सकडच्या घराण्याचे, आणि त्या भाषेतला ‘व्हान’ आपल्या ‘कर’सारखा सर्वांचा. पण व्हिएन्नात ऐकणाऱ्याला तो ‘फॉन’च वाटे आणि बेथोवननीही तो गैरसमज दूर करायची घाई केली नाही. पुतण्याच्या पालकत्वाचा त्यांचा दावा सरदार-घराण्यांसाठी असलेल्या खास न्यायालयात चालू होता. १८१८ च्या डिसेंबरात त्या न्यायालयाने विचारले, सरदारकीचा कागद आहे काय? कागद नव्हता. दावा सामान्य नागरिकांच्या कोर्टात पाठवला गेला. उच्चार तोच, पण मागे सनद नाही म्हणून कोर्टच बदलले.

१८१८ हे साल चळवळीच्या वाचकाला वेगळ्या कारणाने पाठ आहे. त्याच वर्षाच्या १ जानेवारीला भीमा कोरेगावची लढाई झाली. तिथल्या स्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नावांत २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, आणि त्या ‘नाक’वरूनच ते महार सैनिक होते हे आपण ओळखतो. ‘नाक’ची व्युत्पत्ती कोणी नाईकपासून लावतो, कोणी नागपासून. ते काही असो, एका काळी आमच्या पूर्वजांच्या नावाला मानाने लागणारा शब्द होता आणि तो इंग्रजांनी दगडावर जसा ऐकला तसा कोरला. गावच्या दप्तरात मात्र तो टिकला नाही. तिथे काय टिकले ते पुढे सांगतो.

आधी कायदा. पहिल्या महायुद्धात जर्मनी आणि ऑस्ट्रिया दोन्ही हरले, दोन्हीकडचे सम्राट गेले आणि १९१९ साली दोन्ही देशांनी सरदारकी मोडली. पण पद्धत वेगळी. ऑस्ट्रियाने एप्रिल १९१९ च्या कायद्याने ‘फॉन’ नावातूनच छाटून टाकला. लावला तर दंड. जर्मनीने ऑगस्ट १९१९ च्या वायमार संविधानाच्या १०९ व्या कलमात सरदारकीचे विशेष हक्क काढून घेतले, नवी बिरुदे द्यायला बंदी घातली, पण असलेले बिरुद यापुढे आडनावाचा भाग समजला जाईल असे म्हटले. म्हणजे ‘ग्राफ’ हा सरदार राहिला नाही, पण ‘ग्राफ’ हे आडनाव राहिले, आणि ती तरतूद आजही तिथे साध्या कायद्याच्या रूपाने चालू आहे. परिणाम काय झाला? प्रौढ माणसाला दत्तक घेऊन त्याला ‘प्रिन्स’ आडनाव मिळवून देण्याचे प्रकार घडले. हक्क नाही, जमीन नाही, तरी नावाला गिऱ्हाईक आहे.

या दोन पद्धतींची टक्करही झाली. ऑस्ट्रियाच्या एका बाईला जर्मन माणसाने दत्तक घेतले आणि ती ‘फ्युर्स्टिन फॉन’ म्हणजे राजकन्येच्या थाटाच्या आडनावाची झाली. ऑस्ट्रियाने नोंदवहीतून ते शब्द काढले. बाई युरोपीय न्यायालयापर्यंत गेल्या. २०१० च्या डिसेंबरात निकाल लागला: सर्व नागरिक समान हे तत्त्व ऑस्ट्रियाच्या संविधानाच्या मुळाशी आहे, त्यासाठी नावातले बिरुद काढणे चालेल. माझ्या दृष्टीने हा निकाल फार महत्त्वाचा आहे. नाव ही माणसाची खाजगी बाब असली तरी समतेच्या आड आली तर राज्य तिथे हात घालू शकते, हे त्यात मान्य झाले.

बाबासाहेबांनी १९२१ साली बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते. बॉन म्हणजे वर सांगितलेल्या बेथोवनचे जन्मगाव. तेव्हा वायमार संविधानाला दोन वर्षेही झाली नव्हती. आपल्या संविधानाचे १८ वे कलम तिथूनच आले असे म्हणण्याला माझ्याकडे पुरावा नाही आणि मी म्हणणार नाही. पण दोन्ही कलमे शेजारी ठेवून वाचा. राज्याने बिरुदे देऊ नयेत, शैक्षणिक पदव्या त्यातून वगळाव्यात, नागरिकाने परकीय राज्याचे बिरुद घेऊ नये, ही चौकट दोन्हीकडे सारखी दिसते. १९४८ साली संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी एक मार्मिक मुद्दा मांडला होता: बिरुद न स्वीकारणे हा नागरिकाचा हक्क नव्हे, ते नागरिकत्वाबरोबर येणारे कर्तव्य आहे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात बसलेले हे कर्तव्य आपण किती पाळले ते लग्नपत्रिका पाहून ठरवावे.

नंतर १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे गेले. १९९५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भारतरत्न आणि पद्म पुरस्कार हे बिरुद नव्हेत, पण ते नावाच्या मागे-पुढे लावता येणार नाहीत. तरी राजे आहेतच. २०२५ साली जयपूरच्या माजी राजघराण्यातल्या वारसांच्या घरपट्टीच्या याचिकेत राजस्थान उच्च न्यायालयाला सांगावे लागले की नावापुढचे ‘महाराज’ आणि ‘राजकुमारी’ काढा. घरपट्टी माफ व्हावी म्हणून कोर्टात यायचे आणि येताना महाराज म्हणून यायचे!

आता आपला वऱ्हाड. देशमुख म्हणजे परगण्याचा वसुली प्रमुख, देशपांडे म्हणजे त्याच परगण्याचा हिशेबनीस. वसुलीत त्यांचा वाटा, शिवाय इनाम जमीन. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडे आला, त्यांनी हळूहळू गावच्या पाटील-पटवाऱ्यांशी थेट व्यवहार सुरू केला आणि देशमुखांचे मूळ काम संपले. काम संपले, आडनाव वाढले. ते इतके वाढले की देशमुख ही वऱ्हाडात सोयरिकीची वेगळी पायरीच झाली. साध्या कुणब्याच्या घरी मुलगी देताना आजही काही घरांत घसा खाकरला जातो. यात गंमत अशी की आपल्याकडे आडनावे जातीजातींत वाटलेली नाहीत. इंगोले, खडसे, तायडे, वानखडे ही आडनावे कुणब्यांतही आहेत आणि बौद्धांतही आहेत. आडनावावरून जात उघड होत नसेल तर मग ओळख पटवायला काहीतरी जास्तीचे लागते. म्हणून नाव आणि आडनाव यांच्या मध्ये ‘पाटील’ घुसतो. अमुकराव पाटील तमुक. तो ‘पाटील’ म्हणजे सांगणे असते, की याच आडनावाचा तो दुसरा मी नव्हे.

महाराष्ट्रात मुलकी पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने रद्द झाले. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने आलेला पोलीस पाटील हा नेमलेला माणूस आहे, त्याला आरक्षण आहे, आणि आपल्या समाजातल्या बायाही त्या पदावर आहेत. पण कान देऊन ऐका. त्या बाईला गाव ‘पोलीस पाटील’ म्हणते, पूर्ण. ज्याचे पद जाऊन साठ वर्षे झाली त्याला नुसते ‘पाटील’ म्हणते. कायद्याने दिलेला शब्द लांब राहिला, कायद्याने काढलेला शब्द तोंडात बसला.

आपल्या जिल्ह्यात तर गावालाही बिरुद आहे. मालेगाव जहांगीर हे नाव आपण रोज घेतो. मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने (वाशीम तेव्हा त्या राज्यात होते) जहागिऱ्या आणि मक्ते गेले, पण गावाच्या शेपटीला ‘जहांगीर’ राहिला. आणि सगळ्यात मोठा पोकळ ‘फॉन’ याच प्रदेशाच्या नावाने दिला गेला. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणू लागले. खंडाचे २५ लाख रुपये दरसाल निजामाच्या खजिन्यात जात, पण वऱ्हाडचा कारभार नागपूरच्या सरकारकडे. या राजपुत्राच्या हातात वऱ्हाडातला एक कोतवालही नव्हता.

मग ऑस्ट्रियासारखा कायदा करून देशमुख-पाटील छाटावेत काय? मला ते पटत नाही. डॉ. पंजाबराव देशमुखांचे मूळ आडनाव कदम. १९२७ च्या अमरावतीच्या अंबादेवी मंदिर सत्याग्रहात ते अस्पृश्यांच्या बाजूने उभे राहिले आणि पुढे संविधान सभेतही बसले; त्यांना आपण देशमुख म्हणूनच ओळखतो. बंजारा तांड्यात नाईक हा तांड्याचा प्रमुख. तो मान कोणा बादशहाने दिलेला नव्हता, तांड्यानेच दिला, आणि वसंतराव नाईकांच्या रूपाने तो मुख्यमंत्र्याचे आडनाव झाला. देशमुख, इनामदार, जहागीरदार मुसलमान घरांतही आहेत. कोणाचे आडनाव पुसून आपल्या एका पोराचे काम होणार नाही.

काम अडते ते दुसऱ्या टोकाला, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

नावाला जसे वरचे बिरुद असते तसे खालचेही असते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावे कशी ठेवावीत याचा नियम आहे: ब्राह्मणाचे मंगल, क्षत्रियाचे बलवान, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे घृणा वाटेल असे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जळाले, पण गावच्या दप्तराने तो नियम त्यानंतरही पाळला. सखाराम लिहायचे नाही, सख्या लिहायचे. तुकाराम नाही, तुक्या. राधाबाई नाही, राधी. कचरू, दगडू, उकंडा. जुन्या कोतवाल बुकात एका ओळीत ‘माधवराव वल्द व्यंकटराव देशमुख’ अशा धर्तीची नोंद असते आणि चार ओळी खाली ‘सख्या वल्द धोंड्या, महार’. आडनाव नाहीच. जात हेच आडनाव. आणि जन्म-मृत्यूची खबर देणारा कोतवाल बहुधा आपल्यातलाच असायचा. तो सखाराम म्हणून सांगत असेल, लिहिणारा सख्या लिहीत असेल.

‘या’ हे एक अक्षर. त्याचे महत्त्व केवढे ते जर्मनीच दाखवते. ज्या देशाने १९१९ मध्ये वरच्या बिरुदाचे हक्क काढले त्याच देशात हिटलरच्या राजवटीने ऑगस्ट १९३८ मध्ये फर्मान काढले, की ज्या ज्यू माणसाचे नाव सरकारी यादीतले नसेल त्याने १ जानेवारी १९३९ पासून नावात ‘इस्राएल’ जोडावे, बाईने ‘सारा’. पासपोर्टवर, अर्जावर, सहीत, सगळीकडे. नाव वाचताक्षणी कळावे की याला कुठे उभे करायचे. हे खालचे बिरुद लावल्यावर पुढे काय घडले ते जगाला माहीत आहे. आपल्याकडे त्यासाठी फर्मान लागले नाही. पटवाऱ्याचा बोरू पुरला.

कोणी म्हणेल, जुन्या गोष्टी. मग हे ऐका. बारावी झालेल्या मुलाला जात वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जातीसाठी मानीव दिनांक १० ऑगस्ट १९५०; त्याआधीचा पुरावा द्यायचा. २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्याप्रमाणे पुराव्याचा भार अर्जदारावर. आमच्याकडे त्याआधीचा पुरावा म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल, नाहीतर जिल्हा परिषद शाळेचे दाखल खारीज. त्यात पणजोबा ‘धोंड्या’, आजोबा ‘सख्या’, आडनाव नाही, जात ‘महार’. मग १९५६ आले. धम्मदीक्षा झाली. बापाच्या दाखल्यावर ‘सखाराम’ आले, मास्तरने कुळावरून किंवा गावावरून एक आडनाव लावले, जातीच्या रकान्यात ‘बौद्ध’ आले. मुलाचे नाव सिद्धार्थ. आता तीन कागदांवर तीन माणसे. सख्या हाच सखाराम कशावरून? हे आडनाव कुठून आले? आणि याच आडनावाचे कुणबीही आहेत, मग तुम्ही तेच नव्हे कशावरून? पोरगा रडकुंडीला येतो. प्रवेशाची तारीख टळते.

देशमुखाच्या वंशावळीला हा प्रश्न पडत नाही. सनद आहे, इनामाचा कागद आहे, प्रत्येक पिढीच्या नावाच्या शेवटी तोच शब्द आहे. बिरुदाचा खरा उपयोग हा आहे. रुबाब सुटेल, जमीन विकली जाईल, पण शंभर वर्षांच्या कागदपत्रांत तो शब्द साखळीच्या कडीसारखा सापडतो. आमची कडी पटवाऱ्याने घातलीच नाही, आणि आता राज्य आम्हालाच विचारते, कडी कुठे आहे?

ज्यांची मुले पुण्या-मुंबईत खोली मिळावी म्हणून राजपत्रात आडनाव बदलतात त्यांना मी दोष देत नाही. फक्त जुन्या आणि नव्या नावाचे राजपत्र तीन-चार प्रतींत जपा आणि बापाच्या, आजोबाच्या कागदांशी त्याचा धागा शपथपत्राने जोडून ठेवा, एवढी विनंती. दोष द्यायचा तर आपल्या फलकांना देईन. ‘आयुष्मान’ आणि ‘आयुष्मती’ हे आपण समतेने घेतलेले शब्द. ते प्रत्येकाला लागतात, म्हणून ते बिरुद नव्हेत. पण जयंतीच्या फ्लेक्सवर आपल्याच तालुक्यातले कार्यकर्ते किंग, सरदार, सेनापती झालेले पाहिले की १८ वे कलम लिहिणारा फोटो वर आणि ते मोडणारी यादी खाली असे दिसते.

सरकारकडे मागणी एवढीच आहे. २०२० च्या डिसेंबरात राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा जाऊन तिथे समतानगर, भीमनगर अशी नावे यावीत असे ठरले. वस्तीचे नाव बदलता येते तर माणसाच्या नोंदीचे काय? जुनी नोंद पुसू नका. पुसली तर आमचा एकमेव पुरावा जाईल. युद्धानंतर जर्मनीत ‘इस्राएल’ आणि ‘सारा’ रद्द झाले तेव्हा जन्मनोंदवहीच्या समासात तशी टीप लिहिली गेली. मूळ ओळ तशीच राहिली. आपल्या जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत हे करता येईल. वारसाने अर्ज करावा, चौकशी व्हावी आणि ‘सख्या’च्या ओळीसमोर लिहावे, की ही व्यक्ती पुढील अभिलेखात सखाराम अमुक या नावाने नोंदलेली आहे. ती टीप पडताळणी समितीने पुरावा म्हणून धरावी आणि एका घरात एकदा झालेली चौकशी भावंडांना पुन्हा लावू नये. नियमात तशी स्पष्ट तरतूद करायला आमदारांनी विधानसभेत प्रश्न लावावा.

आणि हे लवकर व्हावे, कारण त्या बुकांची पाने आता हाताळताना तुटतात. आधी प्रत्येक पानाची छायाप्रत, मग समासातली टीप. हा क्रम उलटा झाला तर टीप लिहायला ओळच शिल्लक राहणार नाही.